नकाशावरची रेघ आणि बदलतं हवामान

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर आलं. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण मिसिसिपी नदीच्या अगदी काठाला लागून असलेली जुनी वस्ती बरीचशी कोरडी राहिली. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. नदीकाठ कोरडा आणि नदीपासून लांबचा भाग बुडालेला?

कारण जमिनीत आहे. हजारो वर्षं प्रत्येक पुराने आपल्याबरोबरचा गाळ काठावर टाकला, म्हणून काठाची जमीन मागच्या जमिनीपेक्षा उंच झाली. अठराव्या शतकात तिथे वस्ती करणाऱ्यांनी तो उंचवटा धरला आणि मागची दलदल तशीच सोडून दिली. विसाव्या शतकात मोठे पंप आले. दलदल उपसून कोरडी करता येऊ लागली, तिथे प्लॉट पडले, रस्ते झाले, घरं उभी राहिली. पाणी काढल्यावर माती खचत गेली आणि काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली गेले. २००५ मध्ये पाणी साचलं ते मुख्यतः याच सखल भागांत.

वादळ थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. दलदलीत घरांना परवानगी द्यायची की नाही, हे मात्र माणसांच्या हातात होतं आणि ते वादळाच्या कित्येक दशकं आधी ठरून गेलं होतं. कोणत्या जमिनीवर काय होऊ द्यायचं, किती होऊ द्यायचं आणि कुठे काहीच होऊ द्यायचं नाही, हे ठरवण्याच्या कामाला भू-वापर नियोजन म्हणतात. शहराचा विकास आराखडा हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप. त्यात राहण्याचा भाग एका रंगात, कारखाने दुसऱ्या रंगात, शेती, बागा, रस्ते, पाणी वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले असतात. प्रत्येक रंगामागे नियम असतात: किती मजले चालतील, प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, नाल्यापासून किती अंतर मोकळं सोडायचं, रस्ता किती रुंद ठेवायचा.

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सौर पॅनेल, पवनचक्क्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या येतात. हा रंगीत नकाशा येत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं, कारण त्या गाडीने रोज किती अंतर कापायचं आणि ते पॅनेल लावलेलं घर पुरात बुडणार की नाही, हे आधी नकाशाने ठरवलेलं असतं.

हवामानबदलाला तोंड देताना दोन कामं करावी लागतात. एक म्हणजे वातावरणात जाणारे तापवणारे वायू कमी करणं. दुसरं म्हणजे जे बदल आता टळणार नाहीत, त्यांत माणसांचं आणि निसर्गाचं नुकसान कमी होईल अशी तजवीज करणं. जमीन या दोन्ही कामांच्या मध्यभागी आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०१९ मध्ये खास जमिनीवर अहवाल काढला. त्यानुसार, बर्फाखाली नसलेल्या जमिनीपैकी ७० टक्क्यांहून जास्त जमिनीवर माणसाच्या वापराचा थेट परिणाम झालेला आहे. शेती, जंगलतोड आणि जमिनीचे इतर वापर मिळून माणसामुळे होणारं सुमारे २३ टक्के उत्सर्जन होतं. त्याच वेळी झाडं आणि माती मिळून आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास ३० टक्के परत शोषून घेतात. म्हणजे तीच जमीन एकीकडे धूर सोडते आणि दुसरीकडे तो गिळते. तिचा वापर बदलला की ही दोन्ही पारडी हलतात.

घरं जळाली, रेघा राहिल्या

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती काळाची. गाडी १५-२० वर्षांत भंगारात जाते. इमारत ५० ते १०० वर्षं उभी राहते. रस्त्यांची आखणी आणि प्लॉटच्या हद्दी मात्र कित्येक शतकं हलत नाहीत.

१६६६ मध्ये लंडनला मोठी आग लागली. चार दिवसांत तेरा हजारांहून अधिक घरं जळाली, शहराचा गाभा राख झाला. नवं शहर कोऱ्या कागदावर आखण्याची याहून मोठी संधी कोणत्याही शहराला मिळाली नसेल. ख्रिस्तोफर रेन यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी रुंद, सरळ रस्त्यांचे आराखडे राजापुढे ठेवलेही. पण जळालेल्या प्रत्येक घराखालच्या जमिनीला मालक होता आणि प्रत्येकाला आपलाच तुकडा परत हवा होता. काही रस्ते रुंद झाले, लाकडाऐवजी विटांची घरं आली, पण शहर उभं राहिलं ते बहुतांशी जुन्या गल्ल्यांच्या आखणीवरच.

म्हणून आज शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर पडणारी रेघ २१०० सालीही तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हाचा पाऊस, तेव्हाची उष्णता, तेव्हाची समुद्राची पातळी आजच्यासारखी नसेल. रेघ मात्र तीच असेल. मोकळ्या जमिनीवर ती रेघ चार हात सरकवायला जवळजवळ काही खर्च येत नाही. लोक राहायला आल्यावर तेवढंच करायचं तर मोबदला, पुनर्वसन, कोर्टकज्जे आणि माणसांची मोडलेली आयुष्यं एवढा हिशेब होतो.

पाण्याला कुठेतरी जावंच लागतं

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस जेव्हा कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळू शकतो. हा झाला आकाशाचा भाग. पण खाली पडल्यावर त्या पाण्याचं काय होतं, हे जमीन ठरवते. झाडाझुडपांच्या नैसर्गिक जमिनीवर पडलेल्या पावसापैकी साधारण १० टक्केच पाणी पृष्ठभागावरून वाहून जातं. उरलेलं मुरतं किंवा वाफ होऊन हवेत परततं. तीच जमीन डांबर, सिमेंट आणि छपरांनी बहुतेक झाकून टाकली की निम्म्याहून जास्त पाणी वाहून जातं. म्हणजे पावसात काहीही फरक पडला नाही, तरी नुसत्या बांधकामाने नाल्याकडे येणारं पाणी पाचपट होऊ शकतं. त्यात पाऊसही वाढला तर काय होईल, याचा अंदाज करता येतो.

इथे एका शब्दप्रयोगाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण त्याने जगभर फार गैरसमज केले आहेत. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गेल्या वर्षी येऊन गेला, आता नव्याण्णव वर्षं निवांत. तसं मुळीच नाही. त्याचा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. सलग दोन वर्षंही तो येऊ शकतो. तीस वर्षं फेडायचं कर्ज काढून, तसा पूर जिथपर्यंत पोचतो त्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, जवळजवळ चारात एक. आणि हे गणितही हवामान बदलत नाही असं धरून केलेलं. पूररेषा आखतात ती मागच्या नोंदींवरून. मागची पन्नास वर्षं पुढच्या पन्नास वर्षांसारखी असणार नाहीत, हे माहीत असताना जुनीच रेषा वापरत राहणं म्हणजे लोकांना खोटा धीर देणं आहे.

आराखड्याने पाण्याची जागा विसरली की काय होतं, याचं टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराएवढं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शहराच्या पश्चिमेला १९४० च्या दशकात ॲडिक्स आणि बार्कर नावाचे दोन मोठे बांध घातले गेले. ही नेहमीसारखी धरणं नाहीत. एरवी त्यांच्या मागची जमीन कोरडी असते. मोठ्या पावसातच तिथे पाणी अडवून धरतात. पण तलाव काठोकाठ भरला तर जेवढी जमीन बुडेल, तेवढी सगळी सरकारने विकत घेतलेली नव्हती. उरलेल्या कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर पुढच्या दशकांत वसाहती झाल्या. २०१७ मध्ये हार्वे वादळाचा पाऊस आला, तलाव भरला आणि हजारो घरांत पाणी शिरलं. ही घरं तलावाच्या पोटातच बांधलेली होती. घर घेणाऱ्या अनेकांना ते माहीतही नव्हतं.

बांध आणि भिंतींचा आणखी एक धोका आहे. काठाला बांध घातला की मागची जमीन सुरक्षित वाटू लागते. सुरक्षित वाटली की तिथे वस्ती वाढते. वस्ती वाढली की बांध आणखी उंच करावा लागतो. मग एक दिवस बांधापेक्षा मोठा पूर येतो आणि बांध नसता तर जेवढं नुकसान झालं असतं त्याच्या कितीतरी पट होतं. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच बजावलं होतं की पूर निसर्ग आणतो, पण पुरातलं नुकसान मुख्यतः माणसाच्या निवडीतून येतं.

हे चक्र उलटं फिरवून दाखवलं ते नेदरलँड्सने, आणि तेही पिढ्यानपिढ्या बांधांवर जगलेल्या देशाने, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं. १९९३ आणि १९९५ मध्ये ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये बांध फुटण्याच्या भीतीने सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध फुटले नाहीत. पण प्रश्न समोर आला: दर वेळी बांध उंचच करत जायचे का? उत्तर म्हणून 'नदीला जागा' हा कार्यक्रम आला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवले, पूरमैदानं खणून खोल केली, नवे प्रवाह काढले. ऱ्हाइनमधून दर सेकंदाला १५ हजारऐवजी १६ हजार घनमीटर पाणी सुरक्षितपणे जावं, हे उद्दिष्ट होतं. नाइमेखन शहरात नदी अरुंद होऊन वळते. तिथे बांध सुमारे ३५० मीटर आत घेतला, नदीला दुसरा प्रवाह खणून दिला, त्यासाठी काही घरं पाडावी लागली. मधे तयार झालेल्या बेटावर आज लोक फिरायला जातात. दुसऱ्या एका ठिकाणी, ओव्हरडीप नावाच्या सखल शेतीभागात, शेतकऱ्यांनी स्वतःच प्रस्ताव मांडला की आमची जमीन मोठ्या पुरात बुडू द्या, पण आम्हाला घरं आणि गोठे उंच मातीच्या चौथऱ्यांवर बांधून राहू द्या. तसं झालं. सगळी कुटुंबं राहू शकली नाहीत, काहींना दुसरीकडे शेती घ्यावी लागली. ज्यांच्या जमिनीवरून रेघ जाणार आहे त्यांना आधी विचारलं तर ते किती पुढचा विचार करू शकतात, हे या शेतकऱ्यांनी दाखवलं.

दाट शहरात नदीला मैदान देता येत नाही. तिथे एकाच जागेला दोन कामं द्यावी लागतात. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोन तासांत काही भागांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या वर्षी शहराने ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा केला. ठरावीक रस्ते असे उतरते केले जातात की अतिवृष्टीत ते पाणी वाहून नेतील. ठरावीक बागा आणि मैदानं अशी खोलगट की त्या पाण्याला थोपवून धरतील. एरवी मुलं तिथे खेळतात.

अंतराचा हिशेब

आता उत्सर्जनाच्या बाजूला येऊ. अमेरिकेतलं अटलांटा आणि स्पेनमधलं बार्सिलोना यांची एक तुलना नगररचनेच्या अभ्यासात नेहमी दिली जाते. १९९० च्या सुमारास अटलांटाची लोकसंख्या २५ लाख आणि बार्सिलोनाची २८ लाख होती. पण अटलांटाचा बांधलेला भाग ४,२८० चौरस किलोमीटरवर पसरलेला आणि बार्सिलोनाचा फक्त १६२ चौरस किलोमीटरवर. बार्सिलोनात ९९ किलोमीटर मेट्रोमार्गाने सुमारे ६० टक्के लोकांना घरापासून ६०० मीटरच्या आत स्थानक मिळत होतं. तेवढीच सोय अटलांटात करायची तर सुमारे ३,४०० किलोमीटर मार्ग आणि २,८०० स्थानकं नव्याने बांधावी लागली असती, असा हिशेब निघाला. हे कुठलंच शहर करू शकत नाही. म्हणजे अटलांटातल्या माणसाने गाडी वापरायची की मेट्रो, हा प्रश्न त्याच्या पर्यावरणप्रेमाचा उरतच नाही. त्याच्या जन्माआधी प्लॉट केवढे पाडले, त्यावर तो ठरून गेला.

प्लॉटच्या आकाराइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे कामांची फाळणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापराप्रमाणे विभाग पाडण्याची पद्धत रुळली, तेव्हा हेतू योग्य होता. कारखान्यांचा धूर आणि खडखडाट घरांपासून दूर ठेवायचा. पुढे मात्र दुकानं, कचेऱ्या, शाळा आणि भाड्याची छोटी घरंसुद्धा राहत्या भागातून बाहेर काढली गेली. मग साध्या वाणसामानासाठीही गाडी काढावी लागू लागली.

ब्राझीलमधल्या कुरितीबाने उलटी दिशा धरली. १९६० च्या दशकातल्या आराखड्याने तिथे काही मुख्य रस्ते वाढीचे अक्ष म्हणून ठरवले, १९७० च्या दशकात वास्तुविशारद महापौर जैमे लेर्नर यांच्या काळात त्यांच्या मधोमध फक्त बससाठी मार्गिका आल्या, आणि उंच इमारतींना मुख्यतः या रस्त्यांलगत परवानगी दिली गेली. लोक आणि बस दोन्ही एकाच रेघेवर आले. याच शहराने त्या दशकात नदीकाठच्या पूरप्रवण जमिनींवर तलाव असलेली उद्यानं केली, म्हणजे पाण्याची जागाही राखली गेली. पैसा फार नव्हता. वाहतूक आणि जमीन ही दोन खाती एकमेकांशी बोलत होती, हे त्या शहराचं खरं वेगळेपण.

इथे एक सावधगिरी. शहर पसरू नये म्हणून भोवती हरित पट्टा आखला आणि आत पुरेशी घरं बांधूच दिली नाहीत, तर लोक पट्टा ओलांडून पलीकडे राहायला जातात आणि रोज आणखी लांबून येतात. कागदावर हिरवा रंग वाढतो, रस्त्यावर धूर वाढतो. हरित पट्टा आणि आतल्या घरांचा पुरवठा हे एकाच वेळी ठरवावं लागतं.

दाटीचा ताप

दाट शहर चांगलं, एवढंच म्हणून थांबलं तर अर्धं सत्य सांगितल्यासारखं होईल. शहरं भोवतालच्या गावांपेक्षा गरम असतात, हे लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं. झाड पानांतून पाणी वाफ करून सोडतं आणि त्यात हवेतली उष्णता खर्च होते, जसं घाम वाळताना अंगाला गार वाटतं. झाड काढून तिथे काँक्रीट आलं की हे थांबतं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ती उष्णता परत सोडत राहतं. उष्णतेच्या लाटेत माणसं दगावतात त्यात या तापलेल्या रात्रींचा मोठा वाटा असतो, कारण शरीराला सावरायला गारवाच मिळत नाही.

जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत आहे, वारा कमी. तिथल्या नगरपालिकेत १९३८ पासून हवामानतज्ज्ञ कामाला आहेत. गार हवा जड असते. रात्री ती उतारांवरून जवळजवळ पाण्यासारखी खाली वाहते. ती कुठे तयार होते आणि कोणत्या दऱ्यांतून शहरात उतरते, याचे नकाशे या शहराने तयार केले आणि त्या वाटा बांधकामापासून राखायचं धोरण धरलं. वाऱ्यालाही वाट लागते आणि ती नकाशावर दाखवता येते, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २०१६ पासून रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या कडेने झाडांचे तीस पट्टे लावले. त्या भागांत तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याचं शहराने नोंदवलं आहे. हे मोठं उद्यान नव्हे. दाट वस्तीतून जाणाऱ्या सावलीच्या ओळी आहेत, आणि दाटी ठेवून गारवा आणायचा तर अशाच ओळी लागतात.

आगीचंही असंच. जंगलाच्या कडेला विरळ घरं बांधत जाणं हा अलीकडचा मोठा धोका आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाला आणि परिसराला वेढलेल्या वणव्यात ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक बांधकामं जळाली. गावाबाहेर पडायला मोजकेच रस्ते होते आणि ते तुंबले. बाहेर पडायचे रस्ते किती असावेत, हेही आराखडाच ठरवतो.

शहराबाहेरची जमीन

नियोजन म्हणजे शहर, असं समजायचं कारण नाही. कार्बनच्या दृष्टीने सर्वांत मोठे निर्णय पुष्कळदा जिथे माणसं फार कमी राहतात तिथे होतात. काही दलदलींत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती हजारो वर्षं साठत जाते. तिला पीट म्हणतात. अशी जमीन पृथ्वीवरच्या एकूण जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहे, पण तिच्यात जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे. पाण्याखाली असेपर्यंत तो सुरक्षित असतो. इंडोनेशियाने १९९५ मध्ये बोर्नियो बेटावरच्या सुमारे दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेती करायचं ठरवलं. हजारो किलोमीटर कालवे खणून पाणी काढून टाकलं. भात फारसा आलाच नाही. १९९७ च्या दुष्काळात ती कोरडी माती पेटली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटच्या आगींतून बाहेर पडलेला कार्बन हा जगाच्या वार्षिक खनिज इंधनांतल्या उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जमिनीच्या वापराचा एक चुकीचा शिक्का, आणि त्याचा धूर साऱ्या पृथ्वीच्या हिशेबात दिसतो.

नियोजन फक्त 'नाही' म्हणण्यासाठी असतं असंही नाही. पवनचक्क्यांना आणि सौरऊर्जेला जागा लागते, आणि प्रत्येक ठिकाणी ती कुणाला तरी नको असते. जर्मनीने २०२२ मध्ये कायदा करून २०३२ पर्यंत देशाची २ टक्के जमीन वाऱ्याच्या विजेसाठी आराखड्यांत राखायची, असं राज्यांवर बंधन घातलं. कुठे, हे राज्यं ठरवतील. किती, हे आधीच ठरलं आहे. वाद संपत नाहीत, पण प्रत्येक पवनचक्कीसाठी तोच वाद पहिल्यापासून घालावा लागत नाही.

रेघ कुणावर पडते

हे सगळं कळत असूनही होत का नाही? कारण नकाशावरचा रंग बदलला की जमिनीची किंमत बदलते. शेतीच्या हिरव्याचा घरांचा पिवळा झाला की मालक एका रात्रीत श्रीमंत होतो. नुकसान होणार असतं ते वीस-तीस वर्षांनी, तिथे घर घेणाऱ्या वेगळ्याच कुणाचं. फायदा आज आणि ठरावीक हातांत, तोटा उद्या आणि विखुरलेला. ज्या निर्णयाची रचनाच अशी आहे, तो उघड्यावर आणि सर्वांसमोर व्हायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. बहुतेक ठिकाणी आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो. तो पाहताना जुना नकाशा शेजारी ठेवावा. पूर्वीचे ओढे, तळी, पाणथळ जागा आज कोणत्या रंगाखाली गेल्या आहेत? पूररेषा कोणत्या वर्षांपर्यंतच्या नोंदींवर आखली आहे? नवी घरं दाखवली आहेत तिथून कामाच्या ठिकाणी आणि शाळेत पायी किंवा बसने पोचता येईल का? आराखडा मंजूर झाल्यावर त्यात एकेक करून फेरबदल किती केले जातात, हेही पाहावं, कारण चांगला आराखडा पुष्कळदा याच वाटेने झिजतो.

सर्वांत अवघड प्रश्न आधीच धोक्याच्या जागी राहणाऱ्यांचा. नदीच्या पात्रालगत, कोसळत्या उतारावर, नाल्याच्या कडेला गरीब माणूस हौसेने राहत नाही. कामापासून जवळ, परवडेल अशी दुसरी जागा आराखड्याने त्याच्यासाठी ठेवलेलीच नसते. पूररेषेचं कारण सांगून झोपड्या हटवायच्या आणि त्याच रेषेत मोठ्या प्रकल्पाला सूट द्यायची, असं झालं तर त्याला हवामानाची तयारी म्हणता येणार नाही. हलवायचंच असेल तर आधी जागा, मग स्थलांतर, आणि ती जागा रोजगाराच्या टप्प्यात.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ग्रँथॅम नावाचं छोटं गाव आहे. १० जानेवारी २०११ रोजी तिथे अचानक पुराची लाट आली आणि बारा माणसं गेली. स्थानिक परिषदेने गावालगतच्या उंचावरची जमीन विकत घेतली आणि लोकांपुढे अदलाबदलीचा पर्याय ठेवला: खालचा प्लॉट द्या, वर तेवढाच घ्या. सक्ती नव्हती. कोणाला कोणता प्लॉट, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. नियोजनाच्या परवानग्यांना एरवी वर्षं लागतात, त्या खास अधिकार वापरून काही महिन्यांत दिल्या गेल्या, आणि त्याच डिसेंबरमध्ये पहिली कुटुंबं नव्या घरांत राहायला गेली. शेजारी शेजारीच राहिले, शेतं आणि कामं जवळच राहिली. जवळ उंच जमीन होती, ती मिळाली, म्हणून हे जमलं. काहींनी मात्र जुनी जागा सोडली नाही, आणि ती सोडायला लावण्याचा प्रयत्नही झाला नाही.

२०१३ च्या जानेवारीत त्या खोऱ्यात पुन्हा पूर आला. वरच्या वस्तीपर्यंत पाणी पोचलं नाही.